बेकवेलचे चहाघर आणि तिथले पुडिंग

इंग्लंडच्या डर्बीशायरमधल्या बेकवेल गावी आम्ही चौघी मैत्रिणी पोहोचलो तेव्हा सकाळपासून पावसाची झड लागली होती. त्यामुळे मोन्साल ट्रेल या जुन्या रेल्वेमार्गावरच्या पायवाटेने चालण्याचा बेत सोडून, वाय नदीवरच्या पाच कमानींच्या दगडी पुलाजवळील एका चहाघरात आम्ही शिरलो. येथे आवर्जून खावे ते बेकवेल पुडिंग. सर्वत्र मिळणाऱ्या बेकवेल टार्टशी त्याची गल्लत करू नये, कारण टार्टचा तळ बिस्किटासारखा खुसखुशीत असतो, तर पुडिंगमध्ये पापुद्र्यांच्या पारीवर जॅमचा थर देऊन त्यावर अंडी, लोणी, साखर आणि बदाम यांचे मिश्रण भाजतात. चमच्याने वरचा तपकिरी पापुद्रा मोडला, की आतला पिवळा, थरथरता गर आणि तळाचा लालभडक जॅम दिसतो. आमच्यातली एक अंडे खात नाही. तिने विचारताच वाढणाऱ्या बाईंनी स्वयंपाकघरात जाऊन प्रत्येक पदार्थाची खात्री करून दिली, हे मला फार भावले. कस्टर्ड मात्र गरम मागूनही कोमटच आले आणि निथळत्या छत्र्या ठेवायला दाराशी साधी बादलीही नव्हती. सोमवारी गावात बाजार भरतो, तेव्हा त्या दिवशी जाणाऱ्यांनी लवकर जाऊन जागा धरावी.