कॅमेऱ्याचं डे-केअर की काकूंचं पाळणाघर?

लातुरात कुणाला विचारा, सहा महिन्यांचं लेकरू दिवसभर कुठं ठेवावं, तर उत्तराआधी प्रश्न येतो, "का बरं, आजी नाही का?" आजी आहेत, चांगल्या दोन आहेत. एकीचे गुडघे गेलेत, दुसरीच्या दावणीला दोन म्हशी आहेत. बायको पॅथॉलॉजी लॅबमध्ये. माझे फिजिक्सचे क्लास सकाळी सात ते अकरा आणि दुपारी तीन ते सात. मधल्या वेळात पेपर तपासता तपासता लेकरू सांभाळू, असं ठरवून आठवडाभर बघितलं. त्या आठवड्यातल्या पेपरांवर अजून दुधाचे डाग आहेत.

कायद्याचा हिशेबही नेमका इथंच तोकडा पडतो. बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यात २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. बायकोनं त्यातले तीन आठवडे बाळंतपणाआधीच घेतले, त्यामुळं पोरगी साडेपाच महिन्यांची झाली न झाली तोच रजा संपली. त्याच कायद्यानं ५० किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं पाळणाघराची सोय सक्तीची आहे आणि आईला दिवसातून चार वेळा लेकराकडं जाता येतं. लॅबमध्ये माणसं अठरा. सरकारच्या 'पाळणा' योजनेत अंगणवाडीला जोडून पाळणाघर असतं, पण तेही सहा महिन्यांच्या पुढच्यांसाठी. आमची पंधरा दिवसांनी लहान. शिवाय आमच्या भागातल्या अंगणवाडीत तसं काही सुरूच नव्हतं.

राहिलं ते दोनच: एक मोठ्या रस्त्यावरचं डे-केअर आणि एक मागच्या कॉलनीतलं काकूंचं घर. नावं देत नाही. आधी सव्वादोन महिने डे-केअर झालं, आता तीन महिन्यांच्या वर काकू झाल्या. फी, वेळ, एसी हे तुम्ही फोनवर विचारून घ्यालच. त्यात जात नाही.

आधी कागदाचं बोलू, कारण पहिल्यांदा आम्हीही त्यालाच भुललो. डे-केअरमध्ये शिरलं की समोरच्या भिंतीवर दोन फ्रेमा. मी आपलं समजलो, हेच लायसन. जवळ जाऊन वाचलं तर एक गुमास्ता, म्हणजे दुकान-नोंदणीचा कागद, दुसरं उद्यम, म्हणजे लघुउद्योग नोंदणीचं प्रमाणपत्र. गंजगोलाईच्या बाजारात माझ्या मित्राचं मोबाईल कव्हरचं दुकान आहे, त्याच्या गल्ल्यामागं हेच दोन कागद लटकलेत. कामगार थोडे असले तर राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात नुसती ऑनलाइन सूचना दिली तरी भागतं. त्यात धंद्याची नोंद होते. एका बाईमागं किती लेकरं, लंगोट कुठं बदलता, हात कशानं धुता, हे त्यात कुणी विचारत नाही. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाची खाजगी प्लेस्कूलसाठी नियमावली आहे, ती तीन ते सहा वर्षांच्या मुलांची. कंपन्यांच्या पाळणाघरांसाठी केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचना आहेत, त्यात तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागं एक सेविका धरलीय. पण रस्त्यावरच्या खाजगी डे-केअरमधलं साडेपाच महिन्यांचं लेकरू बघायचं कुणी? मी दोन सरकारी टेबलांवर विचारलं. दोन्हीकडून शेजारच्या टेबलाकडं बोट.

काकूंकडं तर भिंतीवर तुळजाभवानीची तसबीर आणि कॅलेंडर, बस. म्हणजे कागदाच्या बाबतीत मला तरी डावं-उजवं करता आलं नाही.

कॅमेऱ्याचं मात्र मानलं पाहिजे. डे-केअरला चार कॅमेरे, आणि मोबाईलवर ॲप. पहिले पंधरा दिवस बायको लॅबमध्ये सुई टोचायच्या आधी एकदा आणि नंतर एकदा ते उघडून बघायची. मनाला धीर येतो, हे खरंय. पण २०१६ च्या नोव्हेंबरात नवी मुंबईत खारघरला दहा महिन्यांच्या मुलीला पाळणाघरात मारहाण झाली, तेव्हाही कॅमेरा होताच. आई-वडिलांना आधी कळलं ते लेकराच्या अंगावरच्या जखमेवरून. चित्रण बघितलं गेलं त्यानंतर. पोलिसांना कॅमेरा कामाला आला, लेकराला नाही. आणि आमच्या ॲपात कोपऱ्यातला पाळणा दिसायचाच नाही. दिसायचे ते ओळीनं ठेवलेले सहा वॉकर. (कॅनडात २००४ पासून वॉकर विकायलाच बंदी आहे. आपल्याकडं बारशाला दोन तरी येतात.)

आता ज्या गोष्टीवरून आमचं ठरलं, ती. ऐकायला किरकोळ वाटेल.

डे-केअरमधून रोज संध्याकाळी एक छापील कार्ड मिळायचं. दूध किती वाजता, किती मिली, झोप किती, शी-शू किती वेळा, आणि शेवटी 'मूड', त्यासमोर हसरा किंवा रडका चेहरा. आम्हाला त्या कार्डाचं फार कौतुक. बायकोनं ती तारखेनं लावून फाईल केली. वजन बघायला डॉक्टरांकडं गेलो तेव्हा महिन्यात जेमतेम दोनशे ग्रॅम वाढ. डॉक्टरांनी विचारलं, "दिवसभरात दूध किती जातंय?" आम्ही फाईल पुढं केली. त्यांनी आकडे बेरजेला धरले आणि म्हणाले, एवढं जात असेल तर काळजी नको, अजून एक महिना बघू.

त्यानंतर आठ-दहा दिवसांची गोष्ट. सकाळी व्हिटॅमिन डीचे थेंब द्यायचे राहिले, म्हणून क्लास सुटल्यावर मी तसाच डे-केअरला गेलो. अकरा चाळीस झाले होते. पोरगी मजेत होती, ताईंच्या मांडीवर बसून चमचा चघळत होती. काउंटरवर त्या दिवशीची कार्डं पसरलेली. सहज आमचं उचललं. '२.०० : दूध ९० मिली. २.३० ते ३.४५ झोप. ४.१५ : शी. मूड' आणि त्यासमोर हसरा चेहरा. घड्याळात अकरा चाळीस.

ताई बावीस-तेवीस वर्षांची पोरगी. लपवायचा तिनं प्रयत्नही केला नाही. म्हणाली, "सर, संध्याकाळी सगळे पालक एकदम येतात, लई गडबड होती. म्हणून आधीच लिहून ठेवतो. रोजचं तेच असतंय की." तिच्याजवळ तेव्हा एक वर्षाखालची सात लेकरं होती, मी मोजली. चिडावं तर कुणावर? मॅडमनी कार्ड भरायला सांगितलं, तिनं भरलं. घरी येऊन फाईल काढली तर सव्वादोन महिन्यांत दुपारचं दूध एकदाही ८० किंवा १०० मिली नाही. रोज ९०. फिजिक्स शिकवणाऱ्या माणसाला एवढं एकसारखं रीडिंग बघून आधीच शंका यायला पाहिजे होती. पोरं प्रॅक्टिकलच्या वहीत हेच करतात.

मारलं नाही, पाडलं नाही, उपाशी ठेवलं असंही मी म्हणणार नाही. पण ज्या आकड्यावर आम्ही आणि डॉक्टर विसंबलो होतो तो कुणी मोजलाच नव्हता. मग आम्ही पोरगी तिथून काढली. दुसऱ्या एखाद्या डे-केअरमध्ये कार्ड खरंखुरं भरत असतील, असतीलच. तुम्ही बघायला गेलात तर फक्त बाराच्या आत जा आणि त्या दिवशीचं कार्ड मागा.

काकूंचं बघा. त्या चारच लेकरं घेतात. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "अंगावरचं एक अन् रांगतं एक. दुसरं अंगावरचं आलं तर मी घेत नसते, आधीच सांगते." मागं एका बाईनं जास्त पैसे देऊ केले होते, तरी नाही म्हणाल्या, असं शेजारी सांगतात. नोंद म्हणाल तर कॅलेंडरच्या चौकोनात पेन्सिलीनं 'दू' आणि त्यापुढं वाटीची रेघ: पूर्ण, अर्धी, किंवा फुली. फुली म्हणजे थुंकलं. परवा तीन चौकोनांत तीन फुल्या होत्या, काकू म्हणाल्या, "दात यायलेत, पिईना गेलीय. घरी गेल्यावर अंगावर पाजायला सांगा." मिलीत सांगता येत नाही त्यांना, पण फुली खरी असते.

लेकरू उचलायची पद्धत हा दुसरा मुद्दा, आणि इथं मला फार बोलता येईल. डे-केअरच्या दाराला कमरेएवढं लाकडी फाटक आहे. संध्याकाळी घाईत ताई दोन-दोन वर्षांची पोरं एका दंडाला धरून त्या फाटकावरून पलीकडं देतात. मी तीनदा तरी बघितलंय. एक ते चार वर्षांच्या पोरांचं कोपर असल्या हिसक्यानं सहज सरकतं. हाडांचे डॉक्टर ते क्षणात बसवून देतात, पण तोवर पोर हात लोंबता ठेवून नुसतं किंचाळतं. काकूंकडं एकदा त्यांच्या आठ वर्षांच्या नातवानं आमच्या पोरीला दोन्ही मनगटांना धरून उभं करायला ओढलं. काकू भाकरी थापत होत्या. पिठाच्या हातानं तशाच धावल्या. "हात धरून उचलू नगंस म्हणून किती बारी सांगितलं तुला? काखंत हात घाल, दुसरा ढुंगणाखाली!" पोरीच्या झबल्यावर पिठाचे दोन पंजे उमटले होते, बायकोनं घरी आल्यावर विचारलं हे काय.

पाण्याचं म्हणाल तर लातूरकरांना काय सांगायचं. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं गाव आहे हे. डे-केअरमध्ये बेसिन झकास, पण मे महिन्यात नळाला पाणी नसायचं आणि लंगोट बदलल्यावर सॅनिटायझरवर भागायचं. शीचे हात सॅनिटायझरनं निघत नाहीत, त्याला साबण आणि वाहतं पाणीच लागतं. काकूंच्या मोरीत बादली, तांब्या आणि जाळीच्या पिशवीत टांगलेला साबण. दिसायला गबाळं, पण तांब्या दिवसभर ओला असतो.

दुधाच्या बाबतीत मात्र डे-केअर पुढं, हे कबूल करतो. काढलेलं आईचं दूध साधारण पंचवीस अंशांच्या खोलीत चार तास टिकतं, फ्रिजमध्ये चार दिवस. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढं, तिथं चार तासांचा हिशेब विसरा. डे-केअरचा फ्रिज जनरेटरवर होता. काकूंच्या इन्व्हर्टरवर दोन पंखे आणि एक ट्यूब चालते, बस. लाईट गेली की बायको अर्ध्या सुट्टीत स्कूटीवर येऊन पाजून जाते. लॅब दूर असती तर हे जमलं नसतं.

काकूंचे वांधे अजूनही आहेत. बाळगुटी मधात उगाळायचा त्यांचा हट्ट. एक वर्षाच्या आत मध अजिबात नाही, हे डॉक्टरांकडून त्यांना फोनवर ऐकवावं लागलं, तेव्हा कुठं थांबल्या. आणि एवढं करून म्हणाल्या, "आमची चार वाढली ती काय मधाविना?" धुरी द्यायचं अजून पूर्ण सुटलेलं नाही, आम्ही पोचवायला जरा लवकर गेलो की वास येतो. काजळावर आम्ही हार मानली. झोपवायच्या वेळी मोहरीची उशी काढून उताणं झोपवायचं, एवढं मात्र पहिल्याच आठवड्यात कबूल करून घेतलं. घरात गॅस आहे, बाहेर पडायला दार एकच. डे-केअरला आग विझवायचं नळकांडं आणि मागचा जिना तरी होता. काकू तापानं पडल्या तर बदली कुणी नाही. तीन महिन्यांत नऊ दिवस बंद होतं, ते मी कॅलेंडरवर मोजून ठेवलेत.

म्हणून तुमचं लेकरू दीड-दोन वर्षांचं असेल, चालतं-बोलतं असेल, आणि दोघांनाही नोकरीवरून हलता येत नसेल, तर डे-केअर बघा. तिथं दार रोज उघडतं, आणि त्या वयाचं पोर घरी येऊन "ताईनं मारलं" एवढं तरी सांगतं. लेकरू अजून अंगावर पीत असेल, तर मी आपला काकूंसारखं घर शोधा म्हणेन. दारात उभं राहून आत दिसतं का बघा, दुपारी न सांगता एकदा जा, आणि वर्षाच्या आतली किती घेता ते विचारा. "येतील तेवढी" म्हणाले तर चहा पिऊन परत या. आमच्या काकू आवडल्या म्हणून सगळ्या काकू अशाच असतील, असा माझा दावा नाही.

पोरगी आता अकरा महिन्यांची आहे. वजन वाढतंय, डॉक्टरांनी या वेळी फाईल मागितली नाही आणि आम्हीही नेली नव्हती. पुढच्या आठवड्यात कोजागरीला काकू चालत तुळजापूरला निघतील, म्हणजे चार दिवस बंद. बायकोला दोन दिवसांची सुट्टी मिळालीय. उरलेल्या दोन दिवसांसाठी मी दुपारची बॅच रात्री आठला ढकललीय, पोरं कुरकुर करायलीत.