ग्राफिक्स कार्डाच्या नावाखाली 7,250 रुपयांना गंडवलं

कॉम्प्युटरच्या ग्राफिक्स कार्डाचे 6,800, विजेच्या कन्व्हर्टर केबलचे 150 आणि बसवायचे 300. एकूण 7,250 रुपये. एवढे पैसे मोजून घेऊन 'जीटीएक्स 1050 टीआय, 4 जीबी, सेकंडहँड पण कंडिशन एक नंबर' म्हणत दुकानदाराने माझ्या गळ्यात मारलं ते 2010 सालचं जीटीएस 450. आतला बायोस, म्हणजे कार्डाची ओळख सांगणारा प्रोग्राम, बदलून नाव फिरवलेलं. बुधवार पेठेत, भर दुपारी, गिऱ्हाइकांनी भरलेल्या दुकानात. दुकानाचं नाव इथे लिहू नका असं वकिलांनी बजावलंय, नाहीतर पाटीचा फोटोच टाकला असता.

बायोस फिरवलेली कार्डं विकतात हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण ते परदेशी साइटवरून अर्ध्या किमतीत मागवणाऱ्यांच्या नशिबी येतं, असंच सगळे सांगतात. मी तर दुकानात उभा राहून, माणसाशी बोलून, बाजारभावाने घेतलं. आणि आंधळेपणाने गेलो नव्हतो. घरचा डेस्कटॉप थर्ड जनरेशन आय-फाइव्हचा, एच-61 बोर्ड, वीज पुरवणारा एसएमपीएस 300 वॉटचा, त्यालाही कार्डाला वेगळी वीज देणारी सहा पिनची वायर नाही. मुलगी ॲनिमेशन शिकतेय, तिला ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर चालवायचं होतं. स्लॉट कोणता, कॅबिनेटमध्ये जागा किती, सगळं मोजून कागदावर लिहून नेलं होतं. 1050 टीआय निवडलं तेही त्याचसाठी: 75 वॉटचं कार्ड, स्लॉटमधूनच तेवढी वीज मिळते, एसएमपीएस बदलावा लागत नाही.

मी हे सगळं दुकानदाराला वाचून दाखवलं आणि त्याने माझ्याच कागदाचा माझ्याविरुद्ध वापर केला. ‘मॉनिटर कुठला, काका?’ जुना, व्हीजीएच्या निळ्या पोर्टाचा, मी म्हटलं. त्याने कार्ड फिरवून निळा पोर्ट दाखवला. ‘हे बघा, तुमच्यासाठीच आलंय. दुसरीकडे घ्याल तर मॉनिटरच्या कन्व्हर्टरला वेगळे पैसे जातील.’

तो निळा पोर्ट आठवला की आजही रात्री झोप उडते. 1050 टीआय आलं ऑक्टोबर 2016 मध्ये, आणि त्या पिढीच्या चिपमधून ती बनवणाऱ्या एनव्हिडियाने ॲनालॉग आउटपुटच, म्हणजे व्हीजीएची सोयच, काढून टाकली होती. म्हणजे चोरी त्या पोर्टावरच लिहिलेली होती, आणि तीच मला सोय म्हणून विकली. आता सांगा, जुना मॉनिटर असलेला माणूस व्हीजीए पाहून खूश होणार की संशय घेणार? कार्डावर सहा पिनचं सॉकेटही होतं. मी लगेच विचारलं, याला तर वेगळी वीज लागत नाही ना? ‘हे ओव्हरक्लॉक मॉडेल आहे.’ वेग वाढवलेली, जादा वीज घेणारी अशी मॉडेलं खरोखरच असतात, त्यामुळे पुढे बोलायला जागाच उरली नाही. एसएमपीएसला तशी वायर नाही म्हटल्यावर ड्रॉवरमधून मोलेक्सचा, म्हणजे एसएमपीएसच्या साध्या चार पिनच्या वायरीला जोडायचा, कन्व्हर्टर निघाला. ते 150 रुपये.

पक्कं बिल मागितलं तर 18 टक्के जीएसटी वर, म्हणजे 1,224 रुपये जादा. कच्च्या चिठ्ठीवर त्याने लिहिलं ‘ग्राफिक कार्ड 4 जीबी – 1 नग’. मॉडेल नाही, सिरियल नंबर नाही. मॉडेलचं नाव लिहून देत नसेल तर तिथून निघा, पैसे दिले असतील तर परत मागा. निघताना हातात पेन ड्राइव्ह दिला: ‘ड्रायव्हर यातलाच टाका, ऑनलाइन अपडेट करू नका.’ असं सांगणारा दुकानदार चोर आहे, दुसरा अर्थ नाही.

घरी विंडोजमध्ये नाव अगदी बरोबर, 1050 टीआय, मेमरीही 4 जीबी. ब्लेंडरच्या सायकल्समध्ये, म्हणजे चित्र रेंडर करणाऱ्या भागात, मात्र कार्ड दिसेना, आणि थोडा लोड आला की मशीन रीस्टार्ट. ‘बाबा, तुम्ही नक्की हेच घेतलंत ना?’ असं मुलीने विचारलं तेव्हा काय उत्तर द्यावं कळेना. तिनेच कार्डाची खरी माहिती दाखवणारं जीपीयू-झेड टाकलं. नावाच्या आधी चौकटी कंसात ‘फेक’. शेडर, म्हणजे कार्डातली आकडेमोड करणारी एककं, 192; खऱ्या कार्डात 768 असतात. हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि 2018 पासून खोटी कार्डं पकडतं. पैसे देण्याआधी दुकानातल्याच मशीनवर चालवायला लावा. दुकानदाराने नाही म्हटलं तर उत्तर मिळालंच.

कार्ड घेऊन परत गेलो तर दुकानदाराने हात वर केले: ‘तुम्हीच कार्ड बदलून आणलं असेल.’ मग म्हणाला, ‘ठेवून जा, चेक करतो.’ ठेवलं नाही. तुम्हीही ठेवू नका, तो एकमेव पुरावा आहे.

आणि पोलीस चौकी! अंमलदारांनी कार्ड हातातही घेतलं नाही. ‘वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली? दिवाणी मामला आहे.’ यूपीआयने पैसे दिलेत म्हटल्यावर, मग सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, दुकानात जाऊन घेतलंत, हे ऑनलाइन नाही, चौकीत जा. पुन्हा चौकी, तर साहेब बंदोबस्ताला. लेखी अर्ज दिला, पोच द्यायला तयार नाहीत. भारतीय न्याय संहितेचं कलम 318 फसवणुकीचंच आहे ना? नाव बदलून माल विकणं ही फसवणूक नसेल तर काय आहे? ऑनलाइन तक्रार केली, तीही ‘विक्रेत्याशी संपर्क साधावा’ असा शेरा मारून बंद. अहो, विक्रेत्यानेच लुटलंय म्हणून तर तुमच्याकडे आलो! 7,250 रुपये साहेबांना किरकोळ वाटतात. पगारदाराला विचारा. आणि दिवसाला अशी दोन कार्डं विकली तर तोच आकडा महिन्याला कुठे जातो, हा हिशेब कोणीच करत नाही.

आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकतोय. 2019 च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, 5 लाखांपर्यंत फी नाही, मुदत 2 वर्षं. पक्कं बिल नसलं तरी यूपीआयची नोंद, चिठ्ठी, त्याचा पेन ड्राइव्ह आणि जीपीयू-झेडचे फोटो जोडलेत. यूपीआयवर पैसे गेलेत ते दुकानाच्या नावावर नाही, भलत्याच माणसाच्या खात्यात. स्कॅन केल्यावर नाव वाचा.

त्या भागातून गेल्या वर्षभरात कोणी व्हीजीए पोर्टवालं 1050 टीआय घेतलं असेल तर आजच तपासा आणि मला कळवा. एकापेक्षा जास्त तक्रारदार असले तर आयोगात एकत्र तक्रार करता येते.