खुर्ची चांगली, टेबल अरुंद : तालुक्याच्या गावातील एका अभ्यासिकेविषयी

बीड जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, बसस्थानकापासून पाच मिनिटांच्या अंतरावर, खतांच्या दुकानावरच्या मजल्यावर स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठीची ही अभ्यासिका आहे. मी तेथे चौदा महिने बसलो. त्याआधीचे वर्ष पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून काढले होते. तेथे खोली, मेस आणि अभ्यासिका मिळून महिन्याला नऊ-दहा हजारांच्या खाली भागत नसे. येथे ६०० रुपये शुल्क आणि लॉकरचे ५० रुपये एवढ्यात काम होते आणि डबा घरचा असतो. त्यामुळे तुलना सोयींची केली तर पुणे पुढे आहे, पण घरच्यांकडे पैसे मागताना दर महिन्याला जो अपराधीपणा वाटायचा, तो येथे बराच कमी झाला, हेही हिशेबात धरले पाहिजे.

एकूण ९० जागा आहेत. खुर्च्या गादीच्या आणि पाठीला आधार देणाऱ्या आहेत, दिवे प्रत्येकाचे वेगळे आहेत आणि वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर दिवे-पंखे चार तास चालतात. भारनियमनाच्या दिवसांत गावाकडे रात्री अभ्यास होत नाही, ही साधी अडचण या एका सोयीने सुटते. मात्र टेबलाची रुंदी दोन फुटांपेक्षा कमी आहे. वस्तुनिष्ठ प्रश्नांची तयारी करताना ती खटकत नव्हती, कारण समोर एक पुस्तक उघडे असले की पुरे. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, आणि उत्तरे लिहायला बसल्यावर कोपर दोन टेबलांमधल्या आडोशाच्या पाटीला लागू लागले. कपाटातली निम्मी पुस्तकेही अजून जुन्या पद्धतीचीच आहेत. लिहिलेले उत्तर तपासून देणारे कोणी येथे नाही, त्यामुळे राज्यसेवेची तयारी करणाऱ्याने केवळ या जागेवर अवलंबून राहू नये.

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांना मात्र ही जागा सोयीची आहे. दार पहाटे साडेचारलाही उघडे असते, मुले तालुका क्रीडांगणावर १६०० मीटर धावून, गोळा फेकून सातच्या आत परत येतात आणि तोंड धुऊन बसतात. शारीरिक चाचणीच्या ५० गुणांमुळे अभ्यासाइतकीच मैदानाचीही सवय लागते आणि दिवसाला एक घडी बसते, जी नुसते वाचत बसणाऱ्यांना सहसा नसते. (बूट ठेवायची मांडणी दाराबाहेर असायला हवी होती; ती आत आहे आणि पावसाळ्यात तिचे अस्तित्व शेवटच्या रांगेपर्यंत जाणवते.) २०२४ च्या भरतीत १७,४७१ पदांसाठी १७ लाखांहून अधिक अर्ज आले होते. हे प्रमाण या दालनाला लावले, तर ९० खुर्च्यांतून एखादाही जेमतेम लागेल. हे गणित येथे प्रत्येकाला येते, पण ते मोठ्याने कोणी मांडत नाही.

या अभ्यासिकेचे खरे मोल मला दिवाळीनंतर कळले. आमच्या भागात ऊसतोडीसाठी उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली जोडपी कोयता घेऊन साखर कारखान्यांकडे निघून जातात आणि पुढचे चार-पाच महिने अनेक मुले घरात आजीबरोबर किंवा एकटीच असतात. त्या काळात येथील दुपारचा डबा हाच काहींचा दिवसभरातला लोकांत बसून घेतलेला एकमेव घास असतो. मालकांना सगळे मामा म्हणतात. कोणी सलग तीन दिवस आला नाही, तर चौथ्या दिवशी ते फोन करतात आणि फोन उचलला नाही, तर त्याच गावच्या दुसऱ्या मुलाला घरी पाठवतात. शुल्क थकले म्हणून त्यांनी फोन केल्याचे मी ऐकले नाही. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांकही त्यांनी पाण्याच्या कूलरवर चिकटवला आहे, परंतु तेथे तो सगळ्यांच्या देखत वाचावा लागतो, आणि मानसिक आरोग्याच्या मदतीचा क्रमांक सगळ्यांच्या देखत कोणीही टिपून घेत नाही. तो स्वच्छतागृहाच्या दाराला आतून लावावा, असे मी सुचवले होते. अजून लावलेला नाही.

मुलींसाठी वेगळा कक्ष आहे, तेवीस जागांचा. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट झाल्यावर खेड्यांतून येणाऱ्या मुली वाढल्या, असे मामा सांगतात आणि ते खरे दिसते. पण हा कक्ष सायंकाळी सहाला बंद होतो. मुलांना चोवीस तासांसाठी ६०० रुपये आणि मुलींना जेमतेम अकरा तासांसाठीही तेवढेच, हे न्याय्य नाही. माझ्या ओळखीच्या एका मुलीने याबद्दल विचारले, तेव्हा ‘ताई, शेवटची गाडीच साडेसहाची आहे’ असे उत्तर मिळाले. गाडीची वेळ मामांच्या हातात नाही हे मान्य, शुल्क मात्र आहे. शिवाय या मुली येथे केवळ परीक्षेसाठी बसत नाहीत. पुस्तक समोर आहे तोवर स्थळाचा विषय घरी पुढे ढकलता येतो, हे त्या स्वतःच हसत सांगतात.

जिन्यात निवड झालेल्यांचे फ्लेक्स आहेत. त्यांतील काहींनी येथे जेमतेम दोन महिने काढले होते, तरी त्यांचा फोटो आहे. सहा वर्षे बसलेल्यांचा नाही. लोकसेवा आयोगाची वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ असल्याने उठायचे केव्हा, हे नियम सांगत नाहीत, आणि अभ्यासिकाही सांगत नाही. मामांच्या टेबलावरच्या वहीत मात्र ‘सोडण्याचे कारण’ असा एक रकाना आहे. त्यात ‘निवड’ क्वचित दिसते. ‘शेळीपालन’, ‘चाकण, कंपनी’, ‘लग्न’, ‘ट्रॅक्टर घेतला’ अशा नोंदी पानोपानी आहेत. फ्लेक्सऐवजी ही वही नव्या मुलांना पहिल्या दिवशी वाचायला दिली असती, तर मी कदाचित पाच महिने आधी उठलो असतो. मी त्या रकान्यात ‘ठिबकचे दुकान’ असे लिहिले. मामांनी लॉकरची अनामत मोजून परत केली आणि रविवारी पेपर वाचायला येत जा, म्हणाले.

जागा घेणाऱ्यांनी पश्चिमेच्या खिडकीकडील रांग एप्रिल-मेमध्ये टाळावी, अनामतीची पावती मागून घ्यावी आणि उत्तरलेखन करणाऱ्यांनी कोपऱ्यातील ४१ किंवा ४२ क्रमांकाचे टेबल मागावे. तेथे एका बाजूला पाटी नाही.