ईडीएलवरून एक्सेल शीट काढणारा गावठी कन्व्हर्टर: पाचशे रुपये वसूल होतात का?

जळगावात एडिटिंग करणाऱ्या पोरांमधे सध्या एक छोटा प्रोग्राम पेनड्राइव्हवरून फिरतोय. ईडीएल फाइल (एडिट डिसिजन लिस्ट, म्हणजे एडिटमधे कोणता शॉट कुठून कुठपर्यंत लागला त्याची यादी) त्यात टाकायची, एक्सेलची शीट बाहेर येते. बनवणारा इथलाच इंजिनिअरिंगचा पोरगा, पाचशे रुपये घेतो, बिल नाही, वेबसाइट नाही, प्रोग्रामला साधं नाव पण नाही, फोल्डर उघडला की "कन्व्हर्टर फायनल नवा" एवढंच दिसतं. मी कानबाईवरच्या (आपल्या खानदेशातल्या देवीच्या उत्सवावरच्या) एका माहितीपटासाठी घेतला आणि तेव्हापासून अहिराणी गाण्यांच्या कामाला पण वापरतोय. ग्रुपवर दोन-चार जणांनी विचारलं, घेऊ का म्हणून, तर एकदाच सगळं लिहून टाकतो.

गरज का पडली ते आधी. डायरेक्टर धुळ्याला, मी इकडे, आणि त्यांच्याकडे एडिटिंगचं कुठलंच सॉफ्टवेअर नाही, सगळं मोबाइलवर गुगल शीटमधे बघतात. कोणता शॉट कुठल्या गावचा, किती सेकंदाचा, घरवाल्यांची परवानगी घेतलीय का, कानबाईचे रोट भाजतानाचा क्लोज आहे की नुसता वाइड, हे सगळं त्यांना रांगेत पाहिजे. एकदा हट्टाने कच्ची ईडीएलच मागवून घेतली, उघडली आणि लगेच फोन, "हाई काय शे भाऊ, मटकाना आकडा शेतस का?" चूक नाही त्यांची, दिसतेच ती तशी.

ज्यांनी कधी उघडून बघितली नाही त्यांच्यासाठी, ईडीएल म्हणजे साधी टेक्स्ट फाइल, नोटपॅडमधे उघडते, काही केबीची असते, व्हिडिओ त्यात काहीच नसतो. आज आपण जी काढतो ती बहुतेक वेळा सीएमएक्स ३६०० या प्रकारची. सीएमएक्स ही कंपनी १९७१ मधे सीबीएस आणि मेमोरेक्स यांनी मिळून काढली होती, टेपच्या जमान्यात, आणि त्या जमान्याच्या सवयी अजून या फाइलीत बसलेल्या आहेत. एक ओळ अशी दिसते:

०१४ ए००३सी०१२ व्ही सी १४:२२:१०:०५ १४:२२:१३:१७ ०१:०१:०८:०० ०१:०१:११:१२

पहिला इव्हेंट नंबर म्हणजे यादीतला अनुक्रमांक, मग रीलचं म्हणजे मूळ टेपचं किंवा क्लिपचं नाव, मग व्ही म्हणजे व्हिडिओ, सी म्हणजे कट, आणि मग चार टाइमकोड, तास:मिनिट:सेकंद:फ्रेम असे. पहिले दोन कॅमेऱ्याच्या क्लिपमधले, नंतरचे दोन टाइमलाइनवरचे, म्हणजे शॉट जिथे जोडलेत तिथले. खाली चांदणीवाल्या ओळीत क्लिपचं पूर्ण नाव येतं. आउटचा फ्रेम मोजायचा नसतो, म्हणून वरचा शॉट सरळ वजाबाकी करून ३ सेकंद १२ फ्रेम, सेकंदाला पंचवीस फ्रेमच्या हिशोबाने ८७ फ्रेम.

आता कोणी म्हणेल यात काय अवघड, लिब्रेऑफिस कॅल्कमधे उघडा, स्पेसवर तोडा, झाली शीट. साध्या कटच्या कामात खरंच होते. पण क्लिपचं नाव खालच्या ओळीत राहतं, म्हणजे शीटमधे एक ओळ आकड्यांची, एक ओळ नावाची, परत आकड्यांची, आणि ते हाताने वर ओढत बसायचं. हा पोरगा इथे मस्त काम करून गेलाय, नाव बरोबर त्याच्या त्याच्या शॉटसमोर येऊन बसतं.

खरी परीक्षा डिझॉल्व्हची, म्हणजे एक शॉट विरत विरत दुसरा येतो त्याची. डिझॉल्व्ह आला की ईडीएलमधे एकाच नंबरच्या दोन ओळी येतात, पहिली शून्य लांबीची कटची, दुसरीत डी आणि पुढे फ्रेमचा आकडा, म्हणजे ०२५ असेल तर एका सेकंदाचा डिझॉल्व्ह, आणि खाली दोन नावं, कुठून आणि कुठे. भोळा कन्व्हर्टर याचे दोन शॉट करतो, मग डायरेक्टर विचारतात हा शून्य सेकंदाचा शॉट कसला भाऊ. कानबाईच्या विसर्जनाचा भाग सगळा डिझॉल्व्हवर होता, मुद्दाम तोच टाकून बघितला. याने एकच ओळ केली, वेगळ्या कॉलममधे डिझॉल्व्ह २५ लिहिलं, दोन्ही नावं ठेवली. इथेच माझे पाचशे वसूल.

स्लो मोशनला मात्र गडबड आहे. स्पीड बदलला की ईडीएलमधे एम२ ने सुरू होणारी एक ओळ येते, तिच्यात वेग फ्रेममधे असतो, पंचवीसच्या टाइमलाइनवर अर्धा वेग म्हणजे १२.५, उलटा चालवला तर मायनस. प्रोग्राम ही ओळ सरळ गिळून टाकतो. त्यामुळे क्लिपमधली लांबी आणि टाइमलाइनवरची लांबी जुळत नाही आणि शीटमधे कारण पण दिसत नाही. पोराला सांगितलं, तो म्हणे पुढच्या व्हर्जनला टाकतो दादा. बघू. लग्नाच्या कामात अर्धे शॉट स्लो असतात, लग्नवाल्यांनी हे नीट वाचा.

टाइमकोडचं बोलू. एक्सेलला तास मिनिट सेकंद कळतात, फ्रेम कळत नाही, चौथा आकडा बघितला की ते टेक्स्ट म्हणूनच राहतं आणि वजाबाकी होत नाही. या प्रोग्रामने शेजारी फ्रेमचा वेगळा कॉलम दिलाय, तयार सूत्रासकट, लेफ्ट-मिड-राइट लावून तुकडे तोडलेत आणि पंचवीसने गुणलंय. पण तो पंचवीस सूत्रात कोरून ठेवलाय! आपल्याकडे टीव्हीच्या सवयीने पंचवीस चालतं हे खरं, पण मोबाइलवर शूट केलेलं तीसचं मटेरियल आलं आणि टाइमलाइनच तीसची ठेवली तर सगळ्या लांब्या चुकतात, हाताने सूत्र बदलावं लागतं. सुरुवातीला विचारून घेतलं असतं तर काय बिघडलं असतं.

रीलचे आकडे टेक्स्ट म्हणून ठेवलेत हे एक नंबर केलं. नाही तर ००७ चं ७ होतं, आणि १ई१० असं काही रील असलं तर एक्सेल त्याला भला मोठा आकडा समजतं. हसू नका, याच एक्सेलच्या खोडीपायी, नावाची तारीख होते म्हणून, २०२० मधे शास्त्रज्ञांनी माणसाच्या काही जनुकांची नावंच बदलली, आपण तर एडिटर.

मराठी नावांचं काय, हा प्रश्न सगळ्यात जास्त आला. माझ्या क्लिपची नावं "कानबाई_स्थापना_०३" अशी असतात. शीटमधे नीट आली. पण याचाच सीएसव्हीवाला (साध्या टेक्स्टमधली शीट) पर्याय वापरला आणि एक्सेलमधे डबल क्लिक करून उघडली तर सगळा किडामुंगीचा कारभार दिसतो. फाइल खराब नसते, डेटा मेनूतून इम्पोर्ट करून यूटीएफ-८ निवडलं की अक्षरं जागेवर येतात. गुगल शीटमधे हा त्रास मला आला नाही.

आता जे बहुतेक जण चुकीचं समजतात ते, ही शीट म्हणजेच शॉट लॉग, शूटच्या सगळ्या शॉटची नोंद, असं त्यांना वाटतं. ईडीएलमधे फक्त एडिटमधे वापरलेलं येतं. शूटवर जे पडून आहे, जे लागलंच नाही, ते त्यात नाही. मग त्याला शॉट लॉग कसं म्हणायचं? मी असं करतो, एका दिवसाचे सगळे रशेस (शूटचा कच्चा माल) एका टाइमलाइनवर एकामागे एक टाकतो, नको तिथे ब्लेडने तोडतो, आणि त्या टाइमलाइनची ईडीएल काढतो. त्यातून जी शीट येते ती लॉगचा तयार सांगाडा, पुढे "गाव", "काय दिसतंय", "परवानगी", "आवाज बरा का" असे कॉलम टाकून डायरेक्टरकडे पाठवायची, ते मोबाइलवर भरत बसतात. दिवसाची वेगळी टाइमलाइन यासाठी की जुन्या हिशोबाप्रमाणे इव्हेंटचे आकडे ९९९ वर संपतात, आणि एकामागे एक यासाठी की ईडीएल एकाच व्हिडिओ ट्रॅकची असते, वरच्या ट्रॅकवर ठेवलेले शॉट त्यात येत नाहीत.

दाविंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरवर एडिट करणाऱ्यांना अजून एक सोय आहे. टाइमलाइनवर मार्कर म्हणजे रंगीत खुणा टाकत जा, मार्करच्या नावात शेरा लिहा, मग मार्करची वेगळी ईडीएल काढता येते, तिच्यात रंग, नाव आणि लांबी एका ओळीत येते. प्रोग्राम हे पण वाचतो आणि रंगाचा कॉलम देतो. मी हिरवा म्हणजे घ्यायचा, लाल म्हणजे कॅमेरा हलला असं ठेवलंय, शीटमधे रंगावर फिल्टर मारला की पाच मिनिटांत चांगले शॉट समोर. लॉगसाठी ही पद्धत मला ब्लेडने तोडण्यापेक्षा जास्त आवडली.

ड्रोनवाल्यांनी एक सांभाळा. बऱ्याच ड्रोनच्या आणि मोबाइलच्या क्लिपला धड टाइमकोड नसतो, सगळ्या शून्यापासून सुरू, आणि कार्ड बदललं की फाइलीची नावं पण तीच तीच येतात. शीटमधे मग दोन वेगळ्या गावांचे शॉट सख्खे भाऊ वाटतात. कन्व्हर्टरचा यात दोष नाही, पण डबल नाव दिसलं तर लाल करून दाखवायची सोय हवी होती. आधीच क्लिपचं नाव बदलून घ्या, गाव आणि तारीख लावून.

नेट लागत नाही ही मोठी गोष्ट, क्लायंटचं काम कुठल्या अनोळखी साइटवर चढवावं लागत नाही, आणि लाइट गेली तरी लॅपटॉपवर काम चालतं. उन्हाळ्यात जळगाव-भुसावळला दुपारी मशीन अशी तापते की रेंडर लावायची हिंमत होत नाही, तेव्हा मी ही शीटची कामंच उरकतो.

फुकटात पाहिजे असेल तर रिझॉल्व्हची स्वतःची एडिट इंडेक्सची (टाइमलाइनवरच्या शॉटच्या यादीची) सीएसव्ही निघते, फक्त स्वतःच्याच प्रोजेक्टची लिस्ट हवी असेल तर आधी ती बघा, बऱ्याच जणांचं तेवढ्यावर भागेल. माझ्याकडे प्रीमियर या दुसऱ्या सॉफ्टवेअरवाल्यांची, बाहेरून आलेली, कोणाच्या तरी जुन्या कामाची अशी सगळ्या जातीची ईडीएल येते, काहींत रीलचं नाव आठ अक्षरांवर तोडलेलं, काहींत लांबलचक, म्हणून मला वेगळा प्रोग्राम लागतो.

पाचात साडेतीन. एम२ ची ओळ वाचायला लागला आणि फ्रेम रेट विचारायला लागला तर साडेचार देईन. मॅक वापरणाऱ्यांनी सध्या थांबा, फक्त विंडोजवर चालतो.