छोट्या लाईनीच्या डब्यातला मुक्काम आणि गेलेले चोवीस हजार

ग्वाल्हेरजवळ चंबळच्या बीहडाच्या, म्हणजे घळींच्या कडेला, जुन्या छोट्या लाईनीच्या रेल्वेच्या डब्यात रात्र काढा, कंदिलाच्या उजेडात दालबाटी खा, अशी रील तुमच्यापर्यंत आली असेल तर पैसे पाठवायच्या आधी हे वाचा. आम्ही ग्वाल्हेरच्या लश्कर भागातले. जनकगंजात तीन पिढ्या गेल्या आमच्या. तरी आमच्याच गावात आम्हाला चोवीस हजारांना गंडवलं, मग पुण्या-मुंबईहून येणाऱ्याची काय कथा!

आमच्या वन्सं नाताळच्या सुटीत पुण्याहून येणार होत्या; भावोजी आणि दोन्ही मुलं बरोबर. आता वन्सांचं माहेरच ग्वाल्हेर. किल्ला, जयविलास राजवाडा, तानसेनाची समाधी हे सगळं त्यांना पाठ. फोनवरच म्हणाल्या, "वहिनी, या वेळी मुलांना काहीतरी वेगळं दाखवू. बाडा आणि किल्ला करून ती कंटाळलीत." दुसऱ्याच दिवशी भाच्याचा मेसेज आला, "मामी, हे बघ!" आणि खाली ती रील.

छोटी लाईन म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगायला हवं. ग्वाल्हेरच्या शिंदे संस्थानाच्या काळात टाकलेली, जेमतेम दोन फुटी रुळांची ही रेल्वे ग्वाल्हेरहून जौरा, कैलारस, सबलगड करत श्योपूरला जायची. अंतर साधारण दोनशे किलोमीटर आणि त्याला अख्खा दिवस. गर्दी इतकी, की छपरावरही माणसं बसलेली असत. २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊनला जी थांबली ती पुन्हा सुटलीच नाही. रुंदीकरण सुरू झालं, आणि जौऱ्याकडे आता मोठ्या लाईनीची मेमू जाते. वन्सांची आत्या सबलगडला असायची. उन्हाळ्यात या गाडीनं जाणं, खिडकीतून हात बाहेर काढून झाडाची पानं ओढणं, हे त्यांच्याकडून मी लग्नापासून ऐकत आले आहे. रील पाहून त्यांचा आवाजच बदलला. फसवणाऱ्यानं आमिष नेमकं निवडलं होतं. ज्यांनी त्या गाडीनं प्रवास केलाय त्यांच्यासाठीच ते होतं.

आणि खोटं वाटावं असं त्यात होतं तरी काय? आमच्या गावात नवलाई कमी नाही. जयविलासच्या जेवणघरात टेबलावरून चांदीची आगगाडी फिरते, पाहुण्यांपुढे ब्रँडी आणि सिगार नेते आणि तिच्यावरची सुरई उचलली की थांबते. दरबार हॉलमध्ये साडेतीन-साडेतीन टनांची दोन झुंबरं आहेत. ती टांगण्याआधी छत पेलेल का, हे बघायला वर हत्ती चढवले होते असं सांगतात. किल्ल्याच्या वाटेवर खडकात कोरलेल्या चतुर्भुज मंदिरात इसवी सन ८७६ चा लेख आहे, त्यात २७० आणि ५० हे आकडे आजच्यासारखं शून्य घालून लिहिलेले आहेत. जिथे हे सगळं खरं आहे तिथे एका जुन्या डब्यात पलंग टाकला असेल, यात अशक्य काय? रेल्वेनं जुन्या डब्यांत उपाहारगृहं काढलेली कितीतरी स्टेशनांबाहेर दिसतात.

माझ्या मते खरी मेख इथेच आहे. स्टेशनजवळच्या लॉजची खोली कितीला पडते, कशी असते, हे आपल्याला ठाऊक असतं. कुणी दुप्पट सांगितलं किंवा निम्म्यात देतो म्हणाला तर लगेच संशय येतो. डब्यातल्या, झाडावरच्या, गुहेतल्या मुक्कामाचा भाव कुणालाच माहीत नसतो. आधी राहून आलेला ओळखीचा माणूस नसतो. आडजागी असणं हाच त्याचा गुण, त्यामुळे "जाता जाता बघून येऊ" हेही होत नाही. ठगाला याहून सोयीचं काय हवं?

फोन केला तर पलीकडचा माणूस आपल्याकडची हिंदी बोलणारा. घोसीपुरा, मोतीझील, बामोर गाव, सुमावली, स्टेशनांची नावं ओळीनं म्हणून दाखवली. मी लश्करची म्हटल्यावर, "अरे मॅडम, फिर तो आप अपने ही लोग हो." डबा लिलावात घेतलाय, जौऱ्याच्या पुढे शेतात ठेवलाय, चार कूपे केलेत, प्रत्येकाला स्वतंत्र बाथरूम. रात्रीचे साडेचार हजार, नाश्ता-जेवण धरून. चोवीस आणि पंचवीस भरलेले, सव्वीसचे दोनच कूपे उरलेत आणि दिल्लीची एक पार्टी विचारतेय. हे दिल्लीवाले प्रत्येक ठगाच्या पदरी असतात असं आता कळतंय.

दोन कूपे, दोन रात्री, एकूण अठरा हजार. निम्मे आगाऊ मागितले. पाठवताना स्क्रीनवर नाव आलं ते कुणा बाईचं, मुक्कामाच्या नावाशी काही संबंध नसलेलं. विचारलं तर म्हणे, हिशेब बघणाऱ्या मॅनेजरचं खातं आहे. यूपीआयवर पैसे जाण्याआधी जे नाव दिसतं ते बँकेत नोंदलेलं असतं, जाहिरातवाल्याच्या हातात ते नसतं. त्या क्षणी खरी माहिती देणारी ती एवढीच ओळ असते, आणि ती दोन सेकंदांत निघून जाते.

मग पावती आली. शिक्का, सही, इंजिनाचं चित्र आणि जीएसटी क्रमांक. हा क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो आणि त्याचे पहिले दोन आकडे राज्याचे. मध्य प्रदेशचे २३. आमच्या पावतीवर सुरुवात ०८ नं होती, म्हणजे राजस्थान. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर तो टाकला की फुकटात नाव-गाव दिसतं. आम्ही नंतर टाकला तेव्हा एका हार्डवेअरच्या दुकानाचं निघालं. त्या बिचाऱ्या दुकानदाराला याचा पत्ताही नसणार.

निघायच्या आदल्या दिवशी आणखी दोन मागण्या. तीन हजार अनामत, "जाताना परत", कारण डबा जुना आहे आणि पर्यटक पितळी सामान उचलून नेतात. आणि ठाण्यात द्यायला सगळ्यांच्या आधार कार्डांचे फोटो. पैशांपेक्षा मला या दुसऱ्या गोष्टीची जास्त धास्ती वाटते. हॉटेलवाले ओळखपत्र मागतात हे बरोबर, पण ते तुम्ही समोर उभे असताना. आधीच द्यायची वेळ आलीच तर आधारच्या वेबसाइटवरून फक्त शेवटचे चार आकडे दिसणारी प्रत काढता येते, ती द्यावी. आम्ही सगळ्यांनी आता आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवलंय.

सव्वीसला सकाळी निघालो. वाटेत मितावली, पडावली, बटेश्वर करायचं ठरलं होतं, आणि त्याबद्दल लिहिल्याशिवाय मला राहवत नाही, कारण त्या दिवसात खरं एवढंच होतं. मितावलीची टेकडी चढलं की वर एकदम गोल देऊळ, चौसष्ट योगिनींचं, आतून कडेनं कोठड्यांची रांग आणि मधोमध गोल मंडप. जुन्या संसद भवनाची आठवण होते. तिथून जवळच बटेश्वर. दरीत लहान लहान दोनशेच्या आसपास देवळं, आठव्या ते दहाव्या शतकांच्या दरम्यानची. बरीचशी कोसळून दगडांचा खच झालेली होती. २००५ पासून पुरातत्त्व खात्याच्या के. के. मुहम्मद यांनी त्यातली कितीतरी दगडाला दगड जुळवून पुन्हा उभी केली, तेही हा भाग डाकू निर्भय गुज्जरच्या टोळीच्या दहशतीत असताना. भाचा एका चबुतऱ्यावर बसून म्हणाला, "मामी, हे कुणीच का सांगत नाही?" रील बनवणाऱ्याला इथे काही विकायचं नसतं, म्हणून.

मुरैन्याला गजक घेतली आणि जौऱ्याकडे वळलो. त्यानं पाठवलेला नकाशावरचा पिन नेत होता तिकडे जात राहिलो. दोन्ही बाजूंना फुललेली मोहरी, मग कच्चा रस्ता, मग एक मोरी. पिन मोरीवर. डबा नाही, पाटी नाही, माणूसही नाही. थोड्या वेळानं सायकलवरून एक म्हातारेबाबा आले. त्यांना विचारलं, तर हसले नाहीत, उलट वैतागले. आमच्याआधी आग्र्याची एक गाडी येऊन गेली होती म्हणे, आणि तिच्याआधीही कुणी. "डब्बा तो रेल ले गई, बहनजी. इहां कछू नाहीं."

फोन लावला. कमाल म्हणजे त्यानं उचलला! आवाजात एवढासाही फरक नाही. सॉरी मॅडम, पंचायतीशी वाद झालाय, डबा आजच सील झालाय, तुमचे बारा हजार आत्ता परत करतो, क्यूआर पाठवलाय, स्कॅन करा. मी नको म्हणेपर्यंत भावोजींनी गाडीला टेकून स्कॅन केलं, पिन टाकला, आणि बारा हजार आले नाहीत, गेले. पडद्यावर "पे" लिहिलं होतं, पण संध्याकाळी पाचला, पोरं भुकेली, बायको रडवेली असताना माणूस फक्त आकडा बघतो. बारा हजार यायचे होते आणि बारा हजारच दिसत होते. पैसे घ्यायला पिन लागत नाही, स्कॅनही करावं लागत नाही. पिन फक्त देण्यासाठी. हे वाक्य मी आता आमच्या भिशीत प्रत्येकीकडून म्हणवून घेते. पहिल्या खेपेला गेलेल्या पैशांवर एवढं लक्ष असतं, की दुसरी खेप त्याच आशेवर साधली जाते. तो फोन उचलतो तो याचसाठी.

तिथूनच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन केला. लगेच लागला नाही, पण लागला. व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक, वेळ, रक्कम आणि आपली बँक, एवढं विचारतात. ते हाताशी ठेवून फोन करा. मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार पूर्ण करायची. वेळेचा फरक किती पडतो ते आमच्या दोन रकमांवरून दिसलं. क्यूआरवाल्या बारा हजारांपैकी सात हजार चारशे पुढच्या खात्यात गोठवले गेले. आधीचे नऊ आणि तीन केव्हाच खात्याखात्यांतून फिरून निघून गेलेले. गोठवलेले पैसेही अजून हाती आलेले नाहीत, कागदपत्रं चालू आहेत.

रात्री घरीच गाद्या घातल्या. वन्सं गप्प होत्या. पैशांचं दुःख नव्हतंच त्यांना, सबलगडच्या गाडीचं होतं. भाच्यानं मात्र झोपायच्या आधी सगळी चिरफाड केली. पलंगाचा फोटो गूगल लेन्समध्ये टाकला तर परदेशातल्या कुठल्याशा रेल्वे-निवासाचा निघाला. फोटो मोठा केला तर खिडकीबाहेर देवदारासारखी झाडं आणि त्यांच्यावर बर्फ! चंबळमध्ये! शिवाय डबल बेडच्या दोन्ही बाजूंना चालायला जागा. छोट्या लाईनीच्या डब्यात समोरासमोर बसलं तर गुडघ्याला गुडघा लागायचा, हे वन्सांनीच सांगितलं. नकाशावरच्या त्या जागेचे सगळ्यात जुने फोटो उघडले तर ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान. जुनी नोंद घेऊन नाव बदललेलं होतं, तारे आणि शेरे दुकानाचे तसेच राहिलेले. "गिअर बढिया बना दिया" असा एक शेरा त्या मुक्कामाखाली अजून आहे.

असं कुठे राहायचं मनात असेल तर मी आता एकच करते: "आत्ता, या क्षणी व्हिडिओ कॉल करा आणि बाहेरून आत चालत या" असं सांगते. खऱ्या माणसाला यात अडचण नसते, फार तर नेटवर्कसाठी गच्चीवर जावं लागतं. मध्य प्रदेश पर्यटनाकडे नोंदलेले होमस्टे आहेत, त्यांची नोंदणी विचारता येते. गावाचं नाव, ठाण्याचं नाव विचारावं आणि त्याच गावातल्या कुठल्याही दुकानात फोन करून खात्री करावी. ज्याला पोचल्यावर पैसे चालत नाहीत त्याच्याकडे न राहिलेलं बरं. आणि आगाऊ द्यायचेच असतील तर एका रात्रीच्या भाड्याहून कमी.

आमची तक्रार झाल्यावर ती रील टाकणारं पान बंद झालं. परवा भाच्यानं दुसरं पाठवलं. आता जागा इंदूरकडची, पाताळपाणी ते कालाकुंड घाटातली. तिथली मीटरगेज हेरिटेज गाडी खरी आहे, २०१८ पासून चालते, म्हणून तर ती निवडलीय. मुक्कामाच्या फोटोत मात्र तोच पलंग, तीच बर्फाची खिडकी. फोन नंबर नवा आहे, दर रात्रीला पाच हजार दोनशे झालाय आणि बारा वर्षांखालच्या मुलांना निम्मे. आमच्या तक्रारीला तेही पान जोडलंय.