सदाशिव पेठेतील एका अभिरूप मुलाखत वर्गाविषयी

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत अंतिम यादी २०२५ गुणांवर लागते. त्यांपैकी २७५ गुण व्यक्तिमत्त्व चाचणीचे, म्हणजेच मुलाखतीचे असतात. या गुणांसाठी पुण्याच्या सदाशिव पेठेतील ज्या वर्गात मी अभिरूप, म्हणजे सरावाच्या, मुलाखती दिल्या, त्या वर्गाने मला बरेच काही दिले, आणि म्हणूनच त्यातील उणिवाही स्पष्टपणे सांगणे मला आवश्यक वाटते.

वर्गाची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे तेथील पॅनेल उमेदवाराचा सविस्तर अर्ज आधी बारकाईने वाचून येते. छंद म्हणून मी दुर्गभ्रमंती लिहिली होती. राजगडाच्या तीन माच्यांची नावे विचारून झाल्यावर प्रश्न आला, की २०२५ मध्ये हा गड इतर अकरा किल्ल्यांसह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्यामुळे पर्यटक वाढले, तर जिल्हाधिकारी म्हणून तुम्ही गडाचे जतन आणि पायथ्याच्या गावांचा रोजगार यांचा मेळ कसा घालाल? अर्जातील एका शब्दातून संभाषण कुठवर जाऊ शकते, हे तेव्हा उमगले. उत्तर येत नसल्यास तसे एकाच वाक्यात शांतपणे सांगावे आणि अंदाज बांधायचाच असेल तर आधी परवानगी घ्यावी, हा सल्लाही मोलाचा होता. नंतर दाखवलेल्या चित्रफितीत, प्रश्न कोणीही विचारला तरी मी केवळ अध्यक्षांकडेच पाहत होतो, हे लक्षात आले. अशी सवय स्वतःची स्वतःला कधीच दिसत नाही.

शिष्टाचारांवरील स्वतंत्र व्याख्यान मात्र निराशाजनक होते. पोशाख, नमस्कार आणि सांगितल्यावरच बसणे एवढे पुरेसे असताना, ‘प्रशासनात का यायचे आहे’ या प्रश्नाचे तयार उत्तर सर्वांना पाठ करायला लावले गेले. एकाच दिवशी अनेक उमेदवार ‘तळागाळातील माणसासाठी’ हेच शब्द उच्चारू लागले, तर त्यातील खरी तळमळ कोणाला कशी ओळखू येणार? एका पॅनेल सदस्याने तर उलटतपासणीचाच पवित्रा घेतला. वास्तविक आयोगाच्या अधिसूचनेतच मुलाखत ही कठोर उलटतपासणी नसून उमेदवाराचे मानसिक गुण उलगडणारे स्वाभाविक, पण सहेतुक संभाषण असल्याचे म्हटले आहे.

याहून गंभीर उणीव मराठी माध्यमाची आहे. मराठीतून मुलाखत देण्याची मुभा असली, तरी दुभाषामार्फत बोलण्याचा सराव येथे मिळत नाही. वाक्ये आटोपशीर ठेवणे, भाषांतर होईपर्यंत थांबणे आणि त्या विरामात विचारांचा धागा सुटू न देणे हे कौशल्य सरावाशिवाय येत नाही.

माझ्या मते येथे पॅनेलसमोरच्या दोन मुलाखती द्याव्यात, चित्रफीत आवर्जून मागावी आणि शिष्टाचारांच्या व्याख्यानाचे वेगळे शुल्क वाचवावे. मराठी माध्यमाच्या उमेदवारांनी दुभाषासह सरावाची सोय झाली आहे का, हे पैसे भरण्यापूर्वीच विचारून घ्यावे.