मेकॅनिकचा स्टेथोस्कोप: जुन्या बोटीच्या इंजिनासाठी

इंजिन वाजायला लागलं की लोक थेट हेड (इंजिनाचा वरचा भाग) उघडायच्या गोष्टी करतात. माझी स्टर्नड्राइव्हची (इंजिन आत, प्रॉपेलर फिरवणारा ड्राइव्ह मागे बाहेर) पेट्रोल बोट जुनी आहे, आणि आवाज नेमका कुठून येतो हे कळायला मला हा साधा स्टेथोस्कोप पुरला. डॉक्टरांकडे असतो तसाच, फक्त चकतीऐवजी स्टीलची लांब सळई.

अल्टरनेटरच्या बॉडीवर टेकवली: काही नाही. व्हॉल्व्ह कव्हरवर हलकी टिकटिक, जुन्या लिफ्टर्सची (व्हॉल्व्ह उचलणाऱ्या भागांची), ती चालायचीच. मागे ट्रान्समजवळ (बोटीच्या मागच्या भिंतीजवळ) मात्र स्पष्ट घरघर. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की वाढायची, सरळ केलं की कमी. म्हणजे गिंबल बेअरिंग, इंजिनाकडून ड्राइव्हकडे जाणाऱ्या शाफ्टला आधार देणारं! ड्राइव्ह उतरवून बेअरिंग हाताने फिरवलं, तर चांगलंच खरखरत होतं. नवीन बसवलं, अलाइनमेंट बारने (सरळ दांड्याने) इंजिन बेअरिंगच्या रेषेत आहे का ते तपासलं (हे टाळलं तर नवं बेअरिंगही फार टिकत नाही) आणि घरघर गेली.

उणिवा आहेतच. कानात घालायची टोकं कडक आहेत, थोड्या वेळात कान दुखतात. एक्झॉस्टची गळती सळईने नीट सापडत नाही. सळई काढून नुसती नळी सांध्यांजवळून फिरवावी लागते. फिरत्या बेल्टपासून नळ्या जपा. इंजिन सुरू करण्याआधी ब्लोअर (इंजिनाच्या कप्प्यातला पंखा) चालवून पेट्रोलची वाफ बाहेर काढा, आणि इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा पुरवठा चालू ठेवा, नाहीतर पाण्याच्या पंपातला रबरी इंपेलर (पाती असलेलं चाक) कोरडा फिरून खराब होतो.

खालून जड ठोका ऐकू आला, तर पुढे ऐकत बसू नका. इंजिन बंद करा.